फॉरमॅट मारण्याआधी

कॉम्प्युटर बिघडला की आपल्याकडे उपाय ठरलेला. मांद्र्याहून बस धरून म्हापसा गाठायचे, दुकानात मशीन ठेवायचे आणि "फॉरमॅट मारून द्या" म्हणायचे. दुकानदार घालतो ती विंडोज खरी की क्रॅक केलेली, हे आपण विचारतही नाही. कॉलेजातल्या मुलांनी तरी हे काम स्वतः शिकावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यात अवघड असे काही नाही. निदान ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. त्यातले सगळे पुसले जाणार, हे लक्षात ठेवा. इन्स्टॉलेशनची फाइल आणि पेनड्राइव्ह तयार करणारे टूल मायक्रोसॉफ्टच्याच वेबसाइटवर फुकट मिळते. पैसे पडतात लायसन्सचे. पण विंडोजसकट घेतलेल्या लॅपटॉपची की बहुधा मदरबोर्डवरच साठवलेली असते. तीच आवृत्ती पुन्हा घातली की ती आपोआप ओळखली जाते. म्हणजे ज्याचे पैसे घरच्यांनी आधीच मोजलेत, त्यावर आपण चोरीची प्रत चढवून घेतो! तिच्याबरोबर व्हायरस आत आला तर दोष कुणाला देणार?

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अनेक जुन्या मशीनवर विंडोज ११ बसत नाही, म्हणून ती भंगारात काढायची गरज नाही. लिनक्स मिंट किंवा उबुंटू पेनड्राइव्हवर घेऊन, काहीही इन्स्टॉल न करता आधी चालवून बघता येते. पावसात लाईट गेली आणि डाऊनलोड अर्धवट राहिले असे वाटले, तर वेबसाइटवर दिलेला चेकसम जुळवून पाहावा.

आपल्या मंडळासाठी मात्र खरी जोखीम वेगळीच आहे. जुन्या कविता, एकांकिका, हस्तलिखित अंकांची टायपिंगे अनेकांनी श्रीलिपी, शिवाजी अशा फॉन्टांत केलेली आहेत. फॉरमॅट मारला की फॉन्ट जातो. मग फाइल वाचली तरी उघडल्यावर मराठीच्या जागी भलतीच अक्षरे दिसतात. म्हणून आधी बॅकअप घ्या, त्यात फॉन्टही ठेवा, आणि सवडीने मजकूर युनिकोडमध्ये आणा.

पेनड्राइव्ह करायचा तो मशीन धड चालत असताना. बंद पडल्यावर दुसऱ्याच्या दारात जावे लागते. मंडळाने एक दुपार यासाठी काढावी. एकाने शिकून चौघांना शिकवावे.