तरवडाला एक चान्स द्या!

पहिला दणदणीत बोनस आला की गावच्या घराचं नशीब उघडतं. आधी गच्चीवर सोलर, मग अंगणात पेव्हर ब्लॉक. ‘आईला झाडायला सोपं’ हे कारण ठरलेलं! तेव्हा नेवासा-शेवगावकडून येऊन हिंजवडीत, खराडीत स्क्रीनसमोर बसणाऱ्या मंडळींना एकच विनंती. कंपाउंडलगतची चार फुटांची पट्टी मोकळी सोडा. तिथे रानफुलं लावायचीत.

रानफुलं म्हणजे मॉलमधलं ‘वाइल्डफ्लॉवर मिक्स’ नव्हे हं! त्यात बऱ्याचदा कॉसमॉस आणि झिनिया निघतात, दोघंही मूळचे मेक्सिकोकडचे. केशरी कॉसमॉस तर पुण्याच्या आसपास रस्तोरस्ती माजलाय आणि आपण त्याच्यासोबत सेल्फी काढतोय.

मग आपलं काय? नगर जिल्ह्याची (आताच्या अहिल्यानगरची) गंमत बघा. प्रवरा रतनगडाच्या परिसरात उगम पावते तिथे धो धो पाऊस, आणि नेवासा तालुक्यात ती गोदावरीला मिळते तिथे मोजूनमापून. म्हणून अकोले तालुक्यातल्या डोंगरांवरची सोनकी नेवाशाच्या काळ्या मातीत फुलवायचा हट्ट नको. कासहून बी खिशात घालून आणणं तर नकोच नको.

इथला खरा हीरो तरवड. पिवळ्याधमक फुलांचं हे झुडूप माळावर, बांधावर कुणी न लावता उगवतं. गुरं सहसा तोंड लावत नाहीत. पूर्वी याच्या सालीनं चामडं कमवायचे. तेलंगणात हेच राज्यफूल आहे, बतुकम्माच्या सणात त्याचे थर रचतात. आपल्याकडे मात्र रस्ता रुंद झाला की तरवड जातो आणि बांधावर तणनाशक मारलं की उरलासुरलाही जातो. तुमच्या चार फुटांची किंमत म्हणून आहे.

हिवाळ्यात गावी गेलात की चपट्या, तपकिरी, पूर्ण वाळलेल्या शेंगा बघा. बांधाच्या मालकाला विचारून एका झुडपाच्या चार-पाचच घ्या. बी कागदी पाकिटात ठेवा, प्लॅस्टिकमध्ये नको. बियांचं कवच भलतंच टणक असतं, त्यामुळे जूनमध्ये पॉलिश पेपरवर हलकेच घासून रात्रभर कोमट पाण्यात भिजवा. फुगलेलं बी पेरायचं, बाकीचं पुन्हा घासायचं. चांगला पाऊस झाला की अर्धा इंच खोल, थेट जमिनीत. मूळ सरळ खाली जातं, कुंडीतून हलवलेलं त्याला आवडत नाही.

कुंपणाला कळलावीही चढवता येईल. लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलं, एकदम झकास! पण कंदापासून बीपर्यंत सगळी विषारी, तेव्हा घरात रांगतं मूल असेल तर तिचा नाद सोडा.

तरवडावर पोपटी अळ्या दिसल्या तर फवारा मारू नका, त्यांचीच फिकट पिवळसर फुलपाखरं होणार आहेत.

खरी परीक्षा पहिल्या पावसाळ्यात. फुलांचा पत्ता नाही आणि शेजारच्या काकू विचारणार, ‘हे काय रान माजवलंय?’ आई खुरपं घेऊन तयारच! गाजरगवत तिनं खुशाल उपटावं, फुलायच्या आत आणि हातमोजे घालून. पण तरवडाच्या पानाच्या देठाशी कानासारखी दोन गोल पानं असतात. त्यांचा फोटो तिला आधीच व्हॉट्सअ‍ॅप करून ठेवा. कान दिसले की खुरपं बाजूला.