तांबे गेले, कर्ज उरले



गरीब देशांनी काटकसर करावी, बचत वाढवावी, असा उपदेश जागतिक बँक व आंतरराष्ट्रीय नाणेनिधी वर्षानुवर्षे करीत आले आहेत. त्याचा अर्थ कामगारांना अनुभवाने कळतो : पगार गोठवा, भरती थांबवा, अनुदाने कापा! आमचा सवाल आहे, खाणींतला माल कवडीमोलाने दिला जातो तेव्हा ही काटकसर कोठे जाते?

आफ्रिकेतील झांबिया पाहा. या देशाची निर्यात मुख्यतः तांब्याची. कर्जदात्यांच्या दबावाखाली तेथील सरकारी खाणी १९९७ ते २००० या काळात खाजगी कंपन्यांना विकण्यात आल्या. रॉयल्टी कायद्यात ३ टक्के होती, करारांत ठरली ०.६ टक्के! २००४ नंतर तांब्याचे भाव कडाडले. २००८ साली सरकारने जादा नफ्यावर कर बसविला, पण २००९ साली तोही मागे घेतला. तेजीत शिल्लक टाकायची सोडून २०१२ ते २०१५ या काळात तीन वेळा परदेशी बाजारात रोखे विकले व तीन अब्ज डॉलरचे कर्ज उचलले. नोव्हेंबर २०२० मध्ये त्याचे व्याजही देता आले नाही.

रेल्वेचीही तीच कथा. २००३ साली ती वीस वर्षांच्या कराराने खाजगी कंपनीकडे सोपविली आणि २०१२ साली सरकारला परत घ्यावी लागली.

यावर आम्हांला बोट्स्वानाचा दाखला दिला जातो. तेथे मुख्य हिरेखाणींत सरकारचा निम्मा वाटा आहे. १९९४ साली पुला निधी स्थापन झाला. खनिजाचा पैसा शिक्षण, आरोग्य व बांधकामांत गुंतवावा, असे धोरण ठरले. हे योग्यच आहे. जमिनीतला ठेवा एकदाच विकता येतो. ते उत्पन्न नव्हे, मूळ भांडवल आहे. पण २०११ साली तेथील सरकारी कर्मचारी सुमारे दोन महिने संपावर होते. तीन वर्षे पगारवाढ नव्हती. मागणी १६ टक्क्यांची, पदरात पडले ३ टक्के! बचत देशाची, पण ती कधी व कोणासाठी वापरायची हे ठरविताना कामगाराला विचारले गेले नाही.

आपले टपाल खात्यातील साथी खेड्यापाड्यांतील खातेदारांच्या पासबुकात नोंदी करतात. पैसा ज्याचा, पासबुक त्याच्या हाती, हा तेथला साधा नियम. देशाच्या खनिजालाही तोच लागू झाला पाहिजे.

म्हणून आम्ही बचतीच्या विरोधात नाही. बचतीच्या नावाने चालणाऱ्या लुटीच्या विरोधात आहोत. खाणींचे करार जनतेपुढे ठेवा. रॉयल्टी बाजारभावाप्रमाणे वसूल करा. तेजीत शिल्लक टाका व मंदीत तिच्यातून रोजगार व वेतन सांभाळा. आणि या निधीच्या कारभारात कामगारांचे निवडून आलेले प्रतिनिधी घ्या. त्याशिवाय दिलेला काटकसरीचा उपदेश कोणत्याही देशातील कामगाराने ऐकून घेऊ नये!