पाठीवर दोन छत्र्या

पुण्याच्या शीतल महाजन यांनी आयुष्यातली पहिलीच पॅराशूट उडी १८ एप्रिल २००४ रोजी थेट उत्तर ध्रुवावर मारली. उंची २४०० फूट, तापमान उणे ३७ अंश, आणि सरावाची एकही उडी गाठीशी नाही! पुढे २०११ मध्ये पद्मश्री, २०१८ मध्ये थायलंडला नऊवारी नेसून उडी. त्यांचं कौतुक करावं तेवढं थोडंच. पण या खेळाकडे नव्याने वळणाऱ्या मुलामुलींनी पाठीवरच्या पिशवीकडेही नीट पाहावं, असं मला फार वाटतं.

त्या पिशवीत दोन पॅराशूट असतात, मुख्य आणि राखीव. मुख्य नीट उघडलं नाही, तर ते सोडून देऊन राखीव उघडायचं. पण उडी मारणाऱ्याची शुद्धच हरपली तर? त्यासाठी जर्मनीच्या हेल्मुट क्लोथ यांचं ‘सायप्रेस’ हे उपकरण १९९१ मध्ये आलं. ते हवेचा दाब सतत मोजत राहतं. साधारण साडेसातशे फुटांवरही माणूस वेगाने कोसळतच असेल, तर आतली इवलीशी कात्री राखीव पॅराशूटची पिशवी बंद ठेवणारा दोरा कापते आणि ते उघडतं. केवढा दिलासा आहे हा घरच्यांना!

मात्र हे उपकरण जमिनीवर असतानाच सुरू करावं लागतं. साधन नुसतं जवळ असून भागत नाही, हे भिलाईच्या पोलाद कारखान्यात उंचावर काम केलेल्यांना वेगळं सांगायला नको. पट्टा कमरेला आहे, पण हूक अडकवलाय का, हे तेही आधी बघतात. विमानात चढण्यापूर्वी प्रशिक्षकाला बेधडक विचारा: उपकरण सुरू आहे का, राखीव पॅराशूटची घडी शेवटची कधी घातली?