सूर्यफुले जानेवारीत उमलत नाहीत

निर्मितिप्रक्रिया शिकवताना दृष्टांतासाठी एखाद्या चित्रकाराला वर्गात आणण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे, आणि तो चित्रकार बहुधा व्हिन्सेंट व्हॅन गॉगच असतो. फुले पाहिली, भान हरपले, रंग कॅनव्हासवर कोसळले. वेड आणि प्रतिभा एकाच देठावरची. एवढे सांगितले की ‘उत्स्फूर्तता’ हा मुद्दा शिकवून झाला असे आपण समजतो. मीही कित्येक वर्षे हेच सांगत आलो. आता मात्र स्पष्ट म्हणायला हवे, की हा दृष्टांत खोटा आहे आणि विद्यार्थ्यांना अपायकारकही आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. १८८६ मध्ये पॅरिसला आल्यावर व्हॅन गॉगने फुलांची चित्रे एकामागून एक काढली. त्यामागचे कारण त्याने एका चित्रकार मित्राला पत्रात कळवले आहे, आणि ते अगदीच गद्य आहे. मॉडेलला द्यायला पैसे नव्हते आणि रंगांचा अभ्यास करायचा होता. निळ्याशेजारी नारिंगी, तांबड्याशेजारी हिरवा ठेवला तर काय घडते, हे तो फुलांकरवी तपासत होता. लाखेच्या एका डबीत त्याचे रंगीत लोकरीचे गुंडे आजही अॅमस्टरडॅमच्या संग्रहालयात आहेत. दोन रंगांचे धागे शेजारी धरून तो त्यांचा मेळ अजमावत असे. निसर्गदृश्यासाठी त्याने १८८२ मध्येच द हेग येथे दोरे ताणलेली लाकडी चौकट करवून घेतली होती. समोरचे शेत त्या चौकटीतून पाहून तो अंतराची प्रमाणे बसवी. आर्लच्या परिसरातली सुगी रंगवण्यापूर्वी त्याने तिची रेखाटने केली, आणि चित्र पुरे झाल्यावर तेच दृश्य पुन्हा बोरूने रेखाटले.

यावर आक्षेप येईल तो वेगाचा. ऑगस्ट १८८८ मध्ये आर्ल येथे त्याने सूर्यफुलांची चार चित्रे काही दिवसांतच काढली, हे खरेच आहे. फुले लवकर कोमेजतात, म्हणून तो सूर्योदयालाच कामाला बसत असे. परंतु वेग म्हणजे पूर्वतयारीचा अभाव नव्हे. त्याच उन्हाळ्यात त्याने भाऊ थिओला बजावले होते, की चित्रे झरझर झाली असली तरी त्यांचा हिशेब फार आधीपासून मांडलेला असतो. चित्रकार स्वतः हे सांगत असताना त्याच्या वतीने झपाटल्याची साक्ष देणारे आपण कोण?

निर्णायक पुरावा पुढेच आहे. २३ डिसेंबर १८८८ ला कानाची ती दुर्दैवी घटना घडली. जानेवारी १८८९ मध्ये इस्पितळातून परतल्यावर त्याने सूर्यफुले पुन्हा रंगवली. पण जानेवारीत सूर्यफुले उमलत नाहीत. त्याच्यासमोर फूल नव्हते. होती ती ऑगस्टमधली स्वतःचीच चित्रे. त्यांवरून त्याने दोन आवृत्त्या सिद्ध केल्या, एक पिवळ्या पार्श्वभूमीची आणि एक निळसर-हिरव्या. अॅमस्टरडॅमचे सुप्रसिद्ध चित्र हे असे पुनर्लेखन आहे. आपल्या परिभाषेत बोलायचे तर तो दुसरा खर्डा आहे.

आणि वेडाचे काय? १८८९ च्या जुलैत सेंट-रेमी येथे झटका आला तेव्हा कित्येक आठवडे त्याला रंगकाम करता आले नाही. आजार चित्रे काढत नव्हता, तो ती थांबवत होता. चित्रे झाली ती दोन झटक्यांच्या मधल्या शुद्धीत, आणि तीही नेटाने.

तरीही दंतकथा टिकली, कारण ती सोयीची आहे. आयर्विंग स्टोन यांची १९३४ ची ‘लस्ट फॉर लाइफ’ ही कादंबरी आणि तिच्यावरचा १९५६ चा चित्रपट यांनी ती घरोघर पोचवली. चित्रपटाने कावळ्यांचे गव्हाचे शेत हे अखेरचे चित्र ठरवले. अभ्यासक आज झाडांच्या मुळांच्या चित्राला अखेरचे मानतात. पण कावळे नाट्याला अधिक उपयोगी! आपण बालकवींचे तरी वेगळे काय केले? ‘निसर्गाचे मूल’ म्हटले, की ‘फुलराणी’च्या रचनेकडे, तिच्या लयीच्या बांधणीकडे पाहण्याची जबाबदारी संपते. मुलाला कारागिरी कोण विचारतो?

या समजुतीची किंमत आपले विद्यार्थी मोजतात. कवितेची वही घेऊन येणाऱ्या मुलाला एक ओळ पुन्हा लिहायला सांगावी, तर तो दुखावतो. “सर, ते आतून आलंय,” म्हणतो. त्याला हे आपणच शिकवले आहे. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की खरोखरच मनाने खचलेली एखादी मुलगी आपले दुःख हेच आपले भांडवल समजू लागते आणि उपचाराला भिते. बरे झालो तर लिहिता येणार नाही, असे तिला वाटते. व्हॅन गॉगचे नाव घेऊन आपण तिच्या भीतीला शास्त्राधार पुरवतो.

त्याच्या यातना खऱ्या होत्या, त्यांचा अवमान करण्याचा हेतू नाही. पण त्या यातनांना चित्रांचे श्रेय देणे हा त्याच्या श्रमांचा अवमान आहे. पुढच्या वेळी दृष्टांत द्यायचाच असेल तर कापलेला कान बाजूला ठेवू या आणि लोकरीच्या गुंड्यांची ती डबी वर्गात नेऊ या.