शुद्धतेचा दाखला

(द्वितीय वर्ष कला)

‘पेप्टाइड’ हा शब्द कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकांकात लिहावा, हे काहींना आगाऊपणाचे वाटेल. प्रयोगशाळेतल्या गोष्टी प्रयोगशाळेने पाहाव्यात, आपण कविता आणि इतिहास यांत रमावे, अशी आपली वाटणी झालेली आहे. पण ती आता टिकत नाही. कारण प्रयोगशाळेसाठी बनलेली ही पांढरी भुकटी आमच्या तालुक्याच्या व्यायामशाळेपर्यंत येऊन पोचली आहे. अंग लवकर भरावे, दुखापत लवकर बरी व्हावी म्हणून माझ्या वयाची मुले ती पाण्यात विरघळवून टोचून घेतात. बाटलीवर दोन ओळी छापलेल्या असतात. एक, ‘फक्त संशोधनासाठी’. दुसरी, ‘शुद्धता ९९ टक्के’. पहिली ओळ कोणी वाचत नाही, आणि दुसरीवर मात्र सर्वांचा विश्वास! हा विश्वास कितपत खरा, एवढाच माझा प्रश्न आहे.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. आपले शरीर अशा कितीतरी साखळ्या स्वतःच बनवत असते. म्हैस पान्हावते ती ऑक्सिटोसिनमुळे; तीही नऊ अमिनो आम्लांची साखळीच. व्हिन्सेंट द्यु विन्यो यांनी १९५३ साली ती प्रयोगशाळेत तयार केली, आणि १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. गोठ्यात लपूनछपून वापरली जाणारी बिननावाची बाटली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना कृत्रिम पेप्टाइड ही वस्तू नवी नाही. नाव तेवढे नवे आहे.

पुढे १९६३ साली ब्रूस मेरिफिल्ड यांनी सोपी रीत शोधली. साखळीचे एक टोक राळेच्या बारीक मण्याला बांधायचे आणि पुढे एकेक अमिनो आम्ल जोडत जायचे. या शोधासाठी त्यांना १९८४ साली नोबेल मिळाले. पण कोणतीही जोडणी पुरती शंभर टक्के होत नाही. समजा, दर खेपेला शंभरांतल्या नव्याण्णव साखळ्यांना पुढचा दुवा नीट जोडला गेला. तरी तीस जोडण्यांनंतर निर्दोष साखळ्या उरतात सुमारे ७४! उरलेल्या २६ मध्ये कुठे ना कुठे दुवा गळलेला. ‘कमल’ मधला ‘क’ गळला तर काय उरते, हे मराठीच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. म्हणूनच माल तयार झाल्यावर तो शुद्ध करावा लागतो, आणि शुद्ध झाला की नाही, हे तपासावे लागते.

या तपासणीची मुख्य रीत म्हणजे एच.पी.एल.सी. नमुन्याचे द्रावण भुकटी भरलेल्या नळीतून मोठ्या दाबाने ढकलतात. निरनिराळे पदार्थ निरनिराळ्या वेळी बाहेर पडतात आणि कागदावर त्यांची शिखरे उमटतात. मुख्य शिखराचा वाटा ९९ टक्के, की लेबलावर ‘शुद्धता ९९ टक्के’. पण ते शिखर नेमके कोणत्या पदार्थाचे, हे एवढ्याने कळत नाही. त्यासाठी मास स्पेक्ट्रोमीटरवर रेणूचे वजन पाहावे लागते. तेही पुरेसे नाही, कारण ‘कमल’ आणि ‘कलम’ यांचे वजन सारखेच! क्रम कळायचा तर साखळी तोडून तुकडे वाचावे लागतात. शिवाय भुकटीत पाणी आणि क्षार असतात. ते वजनात धरले जातात, पण त्या शिखरांत दिसत नाहीत. म्हणजे पाच मिलिग्रॅमच्या बाटलीत खरे पेप्टाइड चारच मिलिग्रॅम असूनही ‘९९ टक्के’ हा आकडा खोटा ठरत नाही. आणि जिवाणूंचे विष? टोचून घेतल्यावर ताप आणणारे, प्रसंगी जिवावर बेतणारे हे विष शोधण्याची चाचणी अगदी वेगळी आहे. थोडक्यात, चाचणी फक्त विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देते. न विचारलेल्या प्रश्नावर ती गप्प राहते, आणि आपण त्या गप्प राहण्यालाच होकार समजतो.

कोणी म्हणेल, दाखला जोडलेला असतो, मग शंका कशाला? पण दाखला देणारा आणि माल विकणारा एकच असेल, तर त्या कागदाची किंमत ती किती? दवाखान्यातले औषध सरकारी परवान्याने येते, तरीही १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलिन ग्लायकॉलची भेसळ असलेल्या ग्लिसरॉलमुळे १४ रुग्ण दगावले आणि चौकशीसाठी न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग नेमावा लागला. जिथे कायदा आणि तपासनीस दोन्ही होते तिथे ही गत. मग ज्या बाटलीला परवानाच नाही, तिचे काय?

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. आई शाळेत गेलेली नाही. पण मृगाच्या आधी ती सोयाबीनचे शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवते आणि काही दिवसांनी मोड आलेले दाणे मोजते. सत्तरच्या वर उगवले तरच ते बियाणे पेरायचे. पिशवी दुकानातली असो, तिच्यावर काहीही छापलेले असो, तिची मोजणी चुकत नाही. छापलेले वाचता येत नाही म्हणून ती तपासते. आणि आम्ही वाचता येते म्हणून तपासत नाही! शिक्षणाने आम्हाला हेच द्यावे काय?

मित्रहो, हा शास्त्राविरुद्ध सूर नव्हे. पेप्टाइडांपासून मोठी औषधे झाली आहेत. मधुमेह्यांना जगवणारे इन्सुलिन ५१ अमिनो आम्लांचेच आहे. पण ती औषधे माणसांवर रीतसर परीक्षा होऊन आलेली आहेत. संशोधनाची भुकटी खरोखर शंभर टक्के शुद्ध असली, तरी ती माणसाला निर्धोक आहे असे सिद्ध होत नाही. शुद्ध आणि सुरक्षित हे दोन वेगळे शब्द आहेत. शब्दांतला फरक ओळखणे हे तर कला शाखेचेच काम!

म्हणून प्राध्यापकवर्गाला एक विनंती. येत्या वर्षी वाङ्मय मंडळाने शेजारच्या विज्ञान महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांना एकदा बोलवावे आणि असा दाखला कसा वाचावा, हे आम्हाला शिकवावे. तपासले कोणी, कोणत्या घाण्याचा माल तपासला, आणि काय तपासायचे राहिले, हे तीन प्रश्न विचारता आले तरी पुष्कळ झाले. आणि तोवर व्यायामशाळेतल्या माझ्या मित्रांनी बाटलीवरची पहिली ओळ एकदा नीट वाचावी.