सरपण कापताना कान सांभाळा

३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडमध्ये असंख्य झाडे पडली. ती कापायला चेनसॉ हवाच होता. पनवेलच्या आसपास आता पावसाळ्याआधीचे सरपणही त्यावर कापलेले दिसते. पाय कापेल ही भीती सगळ्यांना असते, कानांची कोणालाच नाही! या मशीनचा आवाज १०० डेसिबलच्या पुढे जातो. ८५ डेसिबल आठ तास चालतो असे धरले, तर १०० डेसिबलला मर्यादा जेमतेम १५ मिनिटांची. आतल्या कानातल्या मेलेल्या पेशी परत येत नाहीत. कापसाचे बोळे पुरत नाहीत, इअरमफच हवा. माझ्या मते मशीन भाड्याने देणाऱ्याने तो सोबत दिलाच पाहिजे, भाडे थोडे वाढले तरी चालेल. काम थांबल्यावरही कानात शिट्टी वाजत राहिली, तर श्रवणचाचणी करून घ्या.