वजन उतरले, पचनाची घडी मात्र बदलली

सातारा/सांगली (विशेष प्रतिनिधी) - भाजपचे तत्कालीन राष्ट्रीय अध्यक्ष नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये मुंबईत वजन घटविण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. मार्च २०१७ मध्ये इजिप्तच्या इमान अहमद यांच्यावर मुंबईच्या सैफी रुग्णालयात अशीच शस्त्रक्रिया झाली आणि 'बेरिॲट्रिक' हा शब्द घरोघरी पोहोचला. चर्चा झाली ती किती किलो वजन उतरले याची. त्यानंतर पचनसंस्थेचे काय होते, हा प्रश्न मात्र मागेच राहिला.

गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराची सुमारे ३० मिलिलिटरची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याच्या पुढील भागाला जोडतात. स्वादुपिंडाला हात लावला जात नाही. पण आतड्याच्या पहिल्या भागाला अन्नाचा स्पर्शच होत नसल्याने स्वादुपिंडाला पाचक रस सोडण्याचा इशारा क्षीण मिळतो. जो रस येतो, तोही अन्नाला उशिरा भेटतो. परिणामी काही रुग्णांत स्निग्ध पदार्थ पचत नाहीत. तेलकट, दुर्गंधीयुक्त शौच, पोटफुगी, अशक्तपणा आणि अ, ड, ई, के जीवनसत्त्वांची उणीव ही त्याची लक्षणे. स्लीव्ह शस्त्रक्रियेत अन्नाचा मार्ग बदलत नसल्याने हा धोका तुलनेने कमी असतो. मात्र ब-१२ आणि लोहाकडे दोन्हींत लक्ष द्यावे लागते.

या बदलाची दुसरी बाजू लाभाची आहे. अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोहोचल्याने 'जीएलपी-१' हे संप्रेरक वाढते, इन्सुलिनला चालना मिळते आणि मधुमेह आटोक्यात येतो. तीच चालना अतिरेकी झाली, तर जेवणानंतर एक ते तीन तासांत साखर एकदम खाली येऊन घाम, थरथर, भोवळ येऊ शकते. साताऱ्याचे कंदी पेढे अशा रुग्णाला म्हणूनच जपून खावे लागतात.

खरी अडचण पाठपुराव्याची

शस्त्रक्रिया पुण्या-मुंबईत झाली, तरी पुढचे आयुष्य सातारा, कराड, सांगली, मिरजेतच जायचे असते. तेथे जुलाब 'बाधले' म्हणून आणि उतरते वजन 'यश' म्हणून सोडून दिले, तर कुपोषण नकळत वाढते. जुन्या शस्त्रक्रियेची माहिती कुटुंबाच्या डॉक्टरांना देणे म्हणूनच आवश्यक ठरते. मिरज हे १८९४ पासूनच्या मिशन रुग्णालयामुळे वैद्यकीय नगरी म्हणून ओळखले जाते. मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तर कराडमध्ये कृष्णा रुग्णालय. पाठपुराव्याची सोय जवळ असेल, तर दर वेळी पुणे गाठण्याची गरज नाही.

शौचातील इलॅस्टेजची तपासणी निदानास मदत करते. उपचार म्हणजे जेवणासोबत घ्यायच्या स्वादुपिंड-विकरांच्या कॅप्सूल. त्या सामान्यतः डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात. शाकाहारी व मुस्लिम रुग्णांना हे आधीच सांगायला हवे. दुकानातील पाचक सिरप हा त्यांना पर्याय नव्हे.

विमा नियामकाच्या २०१९ च्या नियमांनी ठराविक निकषांत बसणाऱ्या या शस्त्रक्रियेला विम्याचे दार उघडले. टेबलावरचे काम काही तासांत संपते. रक्ततपासणी आणि पूरक जीवनसत्त्वे जन्मभराची असतात. तो खर्च आणि ती शिस्त हिशेबात धरूनच निर्णय व्हावा.